जांभूळ कुठलंही, नाव मात्र बदलापूरचं?



परवा भाचा व्हिएन्नाहून आला. येताना ऑस्ट्रियाच्या गोड वाइनची छोटी बाटली आणली. ‘मामा, याला शिल्फवाइन म्हणतात.’ मी काही पिणारा माणूस नाही, पण पोराचं मन मोडायला नको म्हणून घोटभर घेतली. मनुका आणि मध एकत्र खाल्ल्यासारखी लागली, मागून थोडा आंबटपणा. म्हटलं, साखर ओतलीय नुसती! तो म्हणाला, साखर घातली तर तिथल्या कायद्यानं ते नावच लावता येत नाही.

मग मी त्याच्याकडून सगळं खोदून घेतलं. तिकडे नॉयझिडलर म्हणून मोठं उथळ तळं आहे, काठाला बोरूचं रान. तो बोरू कापून त्यावर द्राक्षं पसरतात आणि कमीत कमी तीन महिने सुकवतात. पाणी उडतं, साखर आपोआप घट्ट होते. पिळायच्या वेळी १०० किलो रसात २५ किलोच्या आसपास तरी साखर भरली पाहिजे. गवताच्या पेंढ्यावर सुकवली तर नाव श्ट्रोवाइन. आमचे तासगावचे बेदाणेवाले म्हणतील, यात काय मोठं? ते कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये घड बुडवून शेडमध्ये पंधरा-वीस दिवसांत बेदाणा काढतात. बरोबर आहे. पण मुद्दा सुकवण्याचा नाहीच. किती दिवस, कशावर, किती साखर, हे सगळं तिथं कायद्यात लिहिलंय.

ही शिस्त त्यांना उगाच आली नाही. १९८५ साली तिथल्याच काही जणांनी साध्या वाइनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल मिसळून ती उंची गोड वाइन म्हणून खपवली. पकडले गेले. देशोदेशी माल बंद झाला, निर्यात झोपली, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं ते शेतकरीही त्यांच्याबरोबर बुडाले. त्याच वर्षी कडक कायदा आला. आज त्यांच्या दर्जेदार वाइनच्या बाटलीवर सरकारी तपासणीचा नंबर असतो.

आता आपल्याकडे या. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले, फोटो काढले. आणि मागच्या हंगामात स्टेशनबाहेर ‘बदलापूरचं जांभूळ’ म्हणून काय विकलं जात होतं? टपोरं, एकसारखं, बाहेरून क्रेटमध्ये आलेलं. आपलं जांभूळ पानात बांधून आणलं तरी दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, ते काय क्रेटमध्ये येणार! जांभळाचं सरबत तर विचारूच नका. बाटलीवर मधुमेहाचं नाव, आणि मागे बारीक अक्षरात पहिला घटक साखर.

एका बैठकीत मी हे बोललो तर एक जण म्हणाले, ‘काका, कुठलं का असेना, नाव तर आपलंच गाजतंय ना?’ अहो, नाव गाजतंय आणि झाडं तुटतायत! बारवीच्या रस्त्याला जिथं जांभळी होत्या तिथं आता इमारतींचे पाये खोदलेत. झाड राखायला शेतकऱ्याला भाव लागतो, आणि तो भाव क्रेटवाल्याच्या खिशात जातो. उल्हासनगरच्या मालावर ‘यूएसए’ वाचून आपण पोटभर हसलोय. उद्या टोपलीवर बदलापूर वाचून लोक आपल्याला हसतील.

२०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकावी का, यावरून राज्यभर भांडण झालं. दोन्ही बाजूंनी कंठशोष केला. बाटलीत काय आहे आणि ते कुठल्या शेतातलं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. मानांकनाच्या नोंदीत असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या झाडांची गावनिहाय यादी लावा. टोपलीवर गाव आणि तोडणीची तारीख हवी. हंगामात स्टेशनबाहेर आठवड्यातून एकदा तरी तपासणी हवी. कृषी खात्यातले जे मित्र हे पान वाचतात त्यांनी सांगावं, यात अवघड काय आहे?

जांभळं महिनाभरावर आलीत. मी या वर्षी माझ्या टोपल्यांवर गाव, गट नंबर आणि तारीख खडूनं लिहिणार आहे. अजून कोण कोण लिहितंय, खाली कळवा.