वादी म्हणेल ते कोर्ट?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतील पेटंटच्या व्यवहारात मात्र शहाणा तो, जो आपल्याला सोयीच्या कोर्टाची पायरी बरोबर हेरतो. कंपनीवर पेटंटभंगाचा दावा कोठे लावता येतो, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांच्या रुक्ष काथ्याकुटाचा वाटेल. पण या एका प्रश्नाच्या उत्तरावर अब्जावधी डॉलरचे व्यवहार आणि एका अख्ख्या गावाची भरभराट अवलंबून राहिली आहे.

पूर्व टेक्ससमधील मार्शल हे जेमतेम तेवीस-चोवीस हजार वस्तीचे ते गाव. अमेरिकेत संघीय न्यायालयांचे ९४ जिल्हे आहेत. तरीही २०१५ मध्ये देशभर दाखल झालेल्या पेटंट दाव्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक दावे पूर्व टेक्सस या एकाच जिल्ह्यात आले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मार्शलच्या एकट्या न्यायमूर्ती रॉडनी गिलस्ट्रॅप यांच्यापुढे. येथे खटले झटपट चालत, दावा दुसरीकडे हलवण्याचे अर्ज सहसा मान्य होत नसत आणि प्रकरण ज्युरीपर्यंत जाण्याची शक्यता मोठी असे. स्वतः काहीही न बनवता केवळ पेटंटे बाळगून खंडणीवजा तडजोडी उकळणाऱ्या कंपन्यांना आणखी काय हवे? गावात त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या. पाटीमागच्या खोल्या पुष्कळदा रिकाम्याच असत. वारंवार प्रतिवादी होणाऱ्या सॅमसंगने तर कोर्टासमोर स्केटिंगसाठी बर्फाचे मैदान प्रायोजित केले. ज्युरीत बसणार ती याच पंचक्रोशीतली माणसे, हे लक्षात घेतले की या औदार्याची चर्चा का झाली ते कळते.

हे घडले कसे? मूळ कायदा तसा स्पष्ट होता. १८९७ पासून चालत आलेल्या नियमानुसार पेटंटचा दावा दोनच ठिकाणी लावता येतो : प्रतिवादीचे ‘वास्तव्य’ असेल तेथे, किंवा जेथे त्याने पेटंटभंग केला आहे आणि त्याचे नियमित, प्रस्थापित व्यवसायस्थानही आहे तेथे. कंपनीचे वास्तव्य म्हणजे तिची नोंदणी झालेले राज्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवले होते. पण १९८८ मध्ये संसदेने सर्वसाधारण दाव्यांच्या नियमांतील ‘वास्तव्य’ या शब्दाची व्याख्या सैल केली आणि पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने १९९० मध्ये तीच व्याख्या पेटंटलाही लावली. परिणाम असा, की माल जेथे विकला जातो तेथे कंपनी ‘राहते’ असे जवळपास ठरून गेले. देशभर माल विकणारी कंपनी मग देशभर राहू लागली, आणि वादीला ९४ दारे उघडी झाली.

ही दारे बंद व्हायला २७ वर्षे लागली. पेयांत घालायच्या स्वादद्रवासारखा साधा माल बनवणाऱ्या इंडियानातील टीसी हार्टलँड या कंपनीला क्राफ्ट फूड्सने डेलावेअरमध्ये खेचले होते. २२ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एकमताने १९५७ चाच अर्थ कायम असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ‘व्यवसायस्थान’ म्हणजे प्रतिवादीची स्वतःची प्रत्यक्ष जागा, नुसते कर्मचाऱ्याचे घर नव्हे, असेही अपील न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ मध्ये अ‍ॅपलने पूर्व टेक्ससच्या हद्दीतील आपली दोन्ही दुकाने बंद केली. कंपनीने कारण सांगितले नाही, पण पेटंटच्या वकिलांना ते शोधावे लागले नाही.

खोड मात्र गेली नाही. आता ओघ टेक्ससच्याच पश्चिम जिल्ह्यातील वेको शहराकडे वळला. तेथे लावलेला दावा २०१८ मध्ये नेमले गेलेले न्यायमूर्ती अ‍ॅलन अल्ब्राइट यांच्याकडेच जाणार, याची खात्री होती. २०२१ मध्ये देशातील पेटंट दाव्यांचा पाचव्या हिश्शाहून मोठा भाग या एका माणसापुढे होता. अखेर जुलै २०२२ मध्ये तेथील मुख्य न्यायाधीशांनी वेकोचे पेटंट दावे १२ न्यायाधीशांत यदृच्छेने वाटण्याचा आदेश काढला, तेव्हा ही रांग ओसरली; आणि पुढे पूर्व टेक्सस पुन्हा आघाडीवर आले.

याची दुसरी बाजूही आहे. बड्या कंपन्यांची नोंदणी बहुधा डेलावेअरची. मग एखाद्या सामान्य संशोधकाने आपली कल्पना चोरणाऱ्या धेंडाशी त्याच्याच अंगणात जाऊन लढायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. पण त्यावरचा उपाय, हवा तो न्यायाधीश निवडू देणे, हा नव्हे.

आपल्या औषध कंपन्यांना तर हा प्रश्न परका नाहीच. ल्युपिन, सिप्ला, ग्लेनमार्क या मुंबईच्या कंपन्या अमेरिकेत जेनेरिक औषधे विकतात. तेथील १९८४ च्या कायद्यानुसार पेटंटला आव्हान देत परवानगीचा अर्ज करणे हाच पेटंटभंग मानला जातो. गोळी बाजारात येण्याआधीच दावा उभा राहतो. मग भंग घडला कोठे? जेथे त्या अर्जाशी संबंधित कृती झाली तेथेच, असे अपील न्यायालयाने मायलानच्या खटल्यात २०२० मध्ये ठरवले. पण हे संरक्षण अमेरिकी कंपन्यांना. त्याच खटल्यातील मायलानच्या भारतीय कंपनीला मात्र ते मिळाले नाही. परदेशी कंपनीवर कोणत्याही जिल्ह्यात दावा लावता येतो, हा १९७२ चा दंडक आजही लागू आहे.

आपल्याकडे व्यापारचिन्ह आणि कॉपीराइट यांच्या वादीला स्वतःच्या गावी दावा लावण्याची सवलत आहे. पेटंटच्या वादीला ती नाही. प्रतिवादीचे ठिकाण किंवा दाव्याचे कारण जेथे घडले ते ठिकाण, हाच नियम. तरी कारणाचा ‘काही भाग’ जेथे घडला तेथेही दावा चालतो आणि औषध तर गावोगाव विकले जाते. कर्करोगावरील एर्लोटिनिबच्या पेटंटवरून रोशने २००८ मध्ये मुंबईच्या सिप्लावर दावा लावला तो दिल्लीत. दिल्ली उच्च न्यायालयाने या विषयात अनुभव कमावला आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण तसा अनुभव इतर उच्च न्यायालयांतही उभा राहिला नाही, तर आपल्याकडेही एकच दार वाजत राहील.

कायद्याने दोन गोष्टी पाहाव्यात. दाव्याचे ठिकाण प्रतिवादीच्या खऱ्या कारभाराशी बांधलेले असावे, आणि त्या ठिकाणी गेल्यावर न्यायाधीश कोण मिळेल हे वादीला आधी कळू नये. यातली पहिली गोष्ट अमेरिकेने २०१७ मध्ये केली, दुसरी अर्धवट सोडली. म्हणूनच मार्शलची गर्दी पुन्हा वाढली.