काकांचं पिस्तूल

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं आणि पुण्यातल्या निम्म्या आईबाबांना एकदम साक्षात्कार झाला, की आपल्या पोराला नेमबाजीलाच घालायला हवं. मीही त्यातलाच. लेकीला घेऊन रेंजवर गेलो, तीन महिन्यांची फी भरली. तिसऱ्या आठवड्यात तिनं जाहीर केलं, ‘बाबा, बोअर होतंय. उभं राहून पाय दुखतात.’ आणि ती कथकला गेली. (तिथं पाय दुखत नाहीत वाटतं!) आता भरलेली फी सोडून देणं काही आमच्या रक्तात नाही. म्हणून उरलेले दिवस मी जायला लागलो. वय वर्षं ४३. वजन विचारू नका.

खरं तर या वयात असलं काही करायचं तर पर्याय बरेच आहेत. माझा एक मित्र इंग्लंडात एअरसॉफ्ट खेळतो. सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या, अंगात मिलिटरी कपडे, रविवारभर जंगलात लपाछपी. त्याचे फोटो बघून माझ्या गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिला. दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये निदान धावायचं तरी नसतं. एका जागी उभं राहायचं, एका हातानं किलोभर वजनाचं पिस्तूल उचलायचं आणि दहा मीटरवरच्या कागदावर शर्टाच्या बटणाएवढ्या गोलात छर्रा घालायचा. तो गोल ११.५ मिलिमीटरचा. वाटतं तितकं सोपं नाही, बॉस. माझे पहिले तीन छर्रे कागदालाही लागले नाहीत. शेजारच्या लेनमधला तेरा वर्षांचा मुलगा अत्यंत अदबीनं म्हणाला, ‘काका, ट्रिगर ओढू नका, हळूच दाबा.’

दुसरा हात पँटच्या खिशात. पॅरिसमध्ये मिश्र सांघिक रौप्य मिळवणाऱ्या तुर्कस्तानच्या ५१ वर्षांच्या युसूफ दिकेचचा तो फोटो तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल. जगाला ती स्टाइल वाटली. पण रेंजवर सगळेच तसं करतात, मोकळा हात लोंबकळला की तोल हलतो म्हणून. आणि वयाचंच म्हणाल, तर स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत रौप्य घेतलं, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. हे मी घरी तीनदा सांगून झालंय.

आमच्या मॅडम म्हणाल्या, टार्गेटकडे बघू नका, पुढच्या साइटकडे बघा. टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, साइट लख्ख दिसायला हवी. इथं चाळिशी आडवी आली! साइट असते हातभर अंतरावर. लांबच्या चष्म्यातून ती पुसट, जवळच्या चष्म्यातून त्याहून पुसट. शेवटी चष्मेवाल्याकडे टेप घेऊन गेलो, डोळ्यापासून साइटपर्यंतचं अंतर मोजून दिलं आणि त्या अंतराची एक काच करून घेतली. पिस्तुलाच्या आधी खर्च करायचा तर इथं करा.

पण डोळ्यांचं सोडा, माझी खरी भीती हाताची होती. साठीनंतर माझ्या वडिलांचा हात थरथरायचा, बशीतला चहा टेबलावर सांडायचा. ते हसण्यावारी न्यायचे. आम्ही बघितलं नाही असं दाखवायचो. रेंजवर माझ्या हाताच्या टोकाला साइट डुलताना दिसली, की मला ती बशीच दिसायची. पण महिन्याभरात हात आश्चर्यकारक स्थिर झाला. मी खूश! सहज बोलता बोलता मॅडमना सांगितलं, की ब्लड प्रेशर आणि धडधडीसाठी गोळी चालू आहे. त्यांनी नाव विचारलं आणि कपाळाला हात लावला. बीटा ब्लॉकर! हृदयाचे ठोके मंद करणारं, थरथर कमी करणारं औषध. आमच्या खेळात ते सरळसरळ डोपिंग. २००८ साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची दोन पदकं याच जातीच्या प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली होती. मी काही बीजिंगला निघालो नव्हतो, पण क्लबच्या स्पर्धेत नाव द्यायचं, तर मनाला खायला लागलं.

डॉक्टरांकडे गेलो. (स्वतःहून गोळी बंद करू नका, बीटा ब्लॉकर एकदम सोडणं धोक्याचं असतं.) त्यांनी तपासलं. वडिलांचंही विचारून घेतलं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. ती गोळी हळूहळू कमी करून दुसरी दिली. आणि माझा हात परत डुलायला लागला. पूर्वी ४०० पैकी ३२० पडायचे, ते २९० वर आले. दोन आठवडे रेंजकडे फिरकलो नाही. बायको म्हणाली, ‘अहो, हात हलतोय तर हलू दे ना. सगळ्यांचाच हलत असेल.’ मॅडमही तेच म्हणाल्या, फक्त जरा टेक्निकल भाषेत. पिस्तूल कुणाचंच स्थिर राहत नाही. डुलण्याचा घेर लहान करायचा, आणि काही सेकंदांत जमलं नाही, तर छर्रा न सोडता हात खाली घ्यायचा.

आता तुम्ही विचाराल, पिस्तूल कुठलं घेतलं? आधी हे ऐका, सहा महिने काहीही घेऊ नका. क्लबचं वापरा. मी तिसऱ्या आठवड्यातच स्टेअर की मोरिनी की वॉल्थर, असं मोबाइलवर बघत बसलो होतो. मॅडमनी विचारलं, ‘तुमच्या हाताचं माप काय?’ मला कॉलरचं माप माहीत होतं, पंजाचं नाही! पिस्तुलाची लाकडी मूठ हातात चपखल बसणं हे ब्रँडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. मुठीचे मीडियम, लार्ज असे साइझ असतात, शिवाय डावी-उजवी वेगळी. सैल बसली, तर ट्रिगर दाबताना मनगट वळणारच. ट्रिगरचं वजन नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम हवं, त्याहून हलका करून देणारा कुणी भेटला तर नमस्कार करून निघा.

लायसन्सची धास्ती बऱ्याच जणांना असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅचचं पिस्तूल सहाएक ज्यूलचं. पण लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं, म्हणून बंद केसमधूनच न्यायचं आणि नळीत सेफ्टी फ्लॅगची दोरी. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा घरी येऊन पोह्यांवर तुटून पडण्याआधी हात धुवा.

नवं इम्पोर्टेड म्हणजे दीड-दोन लाखांच्या घरातली गोष्ट. होम लोनवाल्या माणसानं बायकोसमोर हा आकडा उच्चारूही नये. मी परदेशी शिकायला निघालेल्या एका मुलीचं जुनं घेतलं. जुनं घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा, त्याला आयुष्य असतं. ते संपत आलं असेल, तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करून मागा. मूठ माझ्या हाताला किंचित मोठी होती, ती मॅडमनी पॉलिश पेपरनं घासून दिली.

गेल्या रविवारी क्लबची मॅच झाली. चाळीस छर्रे. शेवटच्या छर्ऱ्याला तीनदा हात खाली घेतला, चौथ्यांदा सोडला. आठ! एकूण ३०७. खालून दुसरा आलो. पिस्तूल पुसत होतो, तेवढ्यात तो तेरा वर्षांचा मुलगा आला (त्याचे ३७१). म्हणाला, ‘काका, पुढच्या रविवारी साडेसहालाच या. नंतर सिलिंडर भरायला लाइन असते.’