ब्रँच कोणती, एवढ्यावर थांबू नका

गेल्या महिन्यातल्या शैक्षणिक मार्गदर्शन सत्रावरून मंडळात बरीच चर्चा झाली. काही सभासदांनी समितीला थेट विचारलं, की विषय चिपचा होता, तर चार वक्त्यांपैकी तिघं रसायनशास्त्र, मेटलर्जी आणि मेकॅनिकल शाखांची पीएच.डी.ची विद्यार्थी मंडळी का? आक्षेप घेणाऱ्यांना मुलांचं हितच हवं आहे, याबद्दल समितीला शंका नाही. तरीही वक्त्यांची निवड विचारपूर्वक झाली होती आणि ती योग्यच होती, असं आमचं मत आहे. चूक झाली ती निवडीमागचं कारण निमंत्रणात न लिहिण्याची. ते आता सविस्तर मांडतो.

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नसेल तर चिपच्या वाटेला जाता येत नाही, हा समज या उद्योगाच्या इतिहासाशी जुळत नाही. १९५७ मध्ये ज्या आठ जणांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर स्थापन केली, त्यांत विद्युत अभियंते एकटे व्हिक्टर ग्रिनिच. नॉइस, हर्नी आणि लास्ट भौतिकशास्त्राचे, मूर रसायनशास्त्राचे, रॉबर्ट्स धातुशास्त्राचे, क्लायनर आणि ब्लँक मेकॅनिकलचे. ज्या प्लेनर प्रक्रियेवर पुढची सगळी चिपनिर्मिती उभी राहिली, ती यांच्यातल्याच हर्नींची. इंटेलचे अँडी ग्रोव्ह केमिकल इंजिनिअर. सेमीकंडक्टरच्या भौतिकशास्त्रावरचं त्यांचं १९६७ चं पाठ्यपुस्तक अनेक विद्यापीठांत शिकवलं गेलं. आणि आपल्या फिनिक्सच्या उत्तरेला ज्या टीएसएमसीचा कारखाना उभा आहे, तिचे संस्थापक मॉरिस चँग यांनी एमआयटीतून मेकॅनिकलच्या पदव्या घेतल्या. विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट त्यांनी नोकरीत असताना स्टॅनफर्डहून १९६४ मध्ये मिळवली.

हा सगळा जुना काळ झाला, आता विषय फार पुढे गेलाय, असं यावर म्हटलं जाईल. पण पुढे जाताना या विषयाला इतर शास्त्रांची गरज वाढलीच आहे. आजच्या सर्वांत बारीक रेषा १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने उमटवतात. तो प्रकाश वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर लेसर मारून तयार करतात. हवा आणि काच दोन्ही तो शोषून घेतात, म्हणून सगळं काम निर्वात पोकळीत आणि भिंगांऐवजी आरशांनी चालतं. त्या प्रकाशाने बदलणारा वेफरवरचा लेप हे रसायनशास्त्र आहे, तांब्याच्या तारा भरणं हे विद्युत-रसायन आणि धातुशास्त्र, तर प्रत्येक थर घासून सपाट करणं हे निम्मं मेकॅनिकल. ज्या रासायनिक लेपांमुळे लिथोग्राफी पुढे सरकली, ते आयबीएममध्ये विकसित करणाऱ्यांपैकी ग्रँट विल्सन रसायनशास्त्रज्ञ होते आणि नंतर टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले. टेंपीच्या विद्यापीठातही विद्युत अभियांत्रिकीचं स्कूल वेगळं आहे, तर मटेरियल्स, केमिकल आणि मेकॅनिकल दुसऱ्या स्कूलमध्ये आहेत. चिपचं शिक्षण शोधणाऱ्याने फक्त पहिल्याच दारावर थाप मारली, तर अर्धे मार्गदर्शक त्याला भेटणारच नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्हाला टाळायचा नाही. चिपचं डिझाइन, म्हणजे सर्किट आखणं आणि तपासणं, यासाठी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा पाया लागतोच. दुसऱ्या शाखेतून विद्युत विभागात एम.एस.ला येणाऱ्यांना सर्किट्स, सिग्नल्ससारखे विषय बहुधा आधी भरून काढावे लागतात, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आपल्यापैकी सुहास पाटील यांनी आयआयटी खरगपूर, एमआयटी, मग प्राध्यापकी आणि त्यातून सिरस लॉजिक अशी वाट धरली, ती याच डिझाइनच्या बाजूची. ही बाजू सत्रात कमी पडली, हे समितीला मान्य आहे. पण म्हणून मुंबईच्या आयसीटीतून आलेली केमिकलची मुलगी किंवा पुण्याच्या सीओईपीतून आलेला मेटलर्जीचा मुलगा 'आमची ब्रँच नाही' म्हणून मागच्या रांगेत बसावा, हे आम्हाला मुळीच पटत नाही. या मुलांना भारतात असताना हे कोणी सांगत नाही. इथे आपणही सांगितलं नाही, तर मंडळ कशासाठी आहे? बी.एस्सी. करून आलेल्यांचंही तेच, आणि त्यांची तर अनेकदा घरातसुद्धा दखल घेतली जात नाही.

सत्राला निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या, याचं वाईट वाटतं. जे आले नाहीत, त्यांच्याचकडून सर्वाधिक सूचना आल्या. त्या सगळ्या आम्ही वाचल्या आहेत. पुढचं सत्र येत्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी ठेवलं आहे. त्यात डिझाइनमध्ये काम करणारे दोन सभासद आणि मागचेच तीन विद्यार्थी एकत्र बसतील. चँडलर आणि गिल्बर्टमधून येणाऱ्यांनी विद्यापीठाजवळ राहणाऱ्या मुलांना गाडीत जागा द्यावी, कारण त्यांच्यापैकी अनेकांकडे गाडी नाही. घरात अकरावी-बारावीतली मुलं असतील तर त्यांना आवर्जून आणा. येणाऱ्यांची संख्या बुधवारपर्यंत चिटणीसांना कळवा, म्हणजे सभागृह आणि चहा-पोह्यांची सोय वेळेत करता येईल.