सही कुणी केली?

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यात शिवथरला गटाच्या बैठकीला गेले होते. बायका उशिरा आल्या. महाड-पोलादपूरच्या डोंगरात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन रांगेत बसावे लागते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पासबुके तपासून झाल्यावर, ज्यांच्या पडवीत बसलो होतो त्या ताईंच्या नववीतल्या मुलीने आपला निबंध वाचला. विषय तिचाच: सन २३५०, मानव ताऱ्यांच्या संघात सामील झाला. दूरदूरच्या ग्रहांवरच्या शहाण्या जमाती, त्यांचा संघ, पृथ्वीला प्रवेश, करारावर सही, टाळ्या. निबंध छान होता. एका आजीने विचारले, "सही कुनी केली गं?" मुलगी म्हणाली, "पृथ्वीच्या अध्यक्षांनी." "बाप्यानं?" "हो." आजी हसल्या. "मंग आपल्या पंचायतीवानीच की!"

आम्ही सगळ्याच हसलो. पण परत येताना वाटले, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. असा निरोप माणसांनी खरोखरच पाठवलेला आहे. १९७२ साली पायोनियर १० यानावर एक धातूची पाटी लावली. तिच्यावर उघडे स्त्री-पुरुष कोरले आहेत. पुरुषाचा हात अभिवादनाला वर. बाई नुसती शेजारी उभी. पुरुषाचे अवयव दाखवले, बाईच्या जागी साधी रेघही नाही! आणि हे चित्र काढणारी बाईच होती, लिंडा सेगन. म्हणजे बाईने काढले की बाईचे होते, एवढे ते सोपे नाही.

१९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या गेल्या. त्यांत ५५ भाषांत नमस्कार आहेत. मराठीतला बाईच्या आवाजात आहे. मुलाला पाजणाऱ्या आईचे छायाचित्र आहे. आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे! गोव्यातल्या केरी गावची, १८९२ सालची ही बाई. ज्या कलावंत समाजातून ती आली, त्यातल्या बायकांचे गाणे भल्याभल्यांना हवे असे, पण त्यांना घरात मान देताना हात आखडत असे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सौरवाऱ्याच्या प्रभावाबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचले. तिचा आवाज तिथे आहे.

पण साऱ्या पृथ्वीच्या वतीने अधिकृत भाषण कुणाचे? संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचे. हिटलरच्या सैन्यात बाल्कनमध्ये केलेली नोकरी ह्या गृहस्थांनी दडवली होती, ती १९८६ मध्ये उघड झाली. गाणे आमचे, दूध आमचे, सही त्यांची.

आमची एक कार्यकर्ती म्हणाली, हंड्याचा प्रश्न सुटला नाही आणि तू तारे कसले मोजतेस? तिचे म्हणणे मला अर्धेच पटते. पुढचा इतिहास लिहिताना जे आपण विचार न करता लिहून जातो, ते आज मनात पक्के बसलेले असते. आणि नुसते अध्यक्षांच्या जागी अध्यक्षा लिहून भागत नाही. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा आपल्या आहेत; तरी किती ठिकाणी बाईच्या सहीआधी नवरा कागद वाचतो, ते आपण पाहतोच. शिवाय 'मानवजात' म्हणजे कोण? ह्याच डोंगराखाली महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. गुरांना मोकळे असलेले पाणी माणसांना बंद होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेब महाडला आले, तेव्हा बायकांशी मुद्दाम वेगळे बोलले. समजा, संघात घेण्याआधी त्या शहाण्या जमातींनी पाहणीला माणूस पाठवला, आणि तो मे महिन्यात शिवथरला उतरला, तर? कुणाच्या डोक्यावर काय आहे, हेच त्याला आधी दिसेल.

मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. तिने आपणहून निबंध पुन्हा लिहायला घेतला आहे. आता करारावर सही करायला पोलादपूरची एक बाई जाते. पुढच्या बैठकीत तिने तेवढा भाग वाचला, तर आजींनी पुन्हा अडवले, "ती जाऊन येईस्तवर तिच्या घरचं पानी कोन भरतंय?" मुलीने पेन्सिलने वहीच्या कडेला ते लिहून घेतले.