बॅटरीवाल्याची विद्या



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या सर्वांचे लक्ष दोनच गोष्टींकडे लागते. आपल्या उसाला तोड कधी मिळणार आणि यंदा भाव काय निघणार. चिटबॉयपासून चेअरमनसाहेबांपर्यंत ज्याला त्याला आपण हेच विचारतो. ते योग्यच आहे. परंतु आपला फड आणि कारखान्याची गव्हाण यांच्यामध्ये एक रस्ता आहे, आणि तो रस्ता ज्याच्या हातावर चालतो त्या एका कारागिराचा विचार आपण कधी करीत नाही. तो म्हणजे गाडीच्या विजेचे काम करणारा. कोणी त्याला बॅटरीवाला म्हणतो, कोणी वायरमन म्हणतो. शिकलेली मंडळी ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा धंदा आपण फार हलका समजतो, आणि त्याची किंमत रस्त्यावर माणसांच्या जिवाने व फडात उसाच्या वजनाने मोजतो.

पूर्वी ऊस बैलगाडीने येई. गाडीखाली कंदील टांगलेला असे. काच पुसायची, रॉकेल घालायचे, वात सारखी करायची, एवढी विद्या घरातल्या पोराबाळांनाही होती. आज ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या चालतात. ऊस बाजूला आणि मागे फूट-दोन फूट बाहेर आलेला असतो. अशी लांबलचक गाडी रात्री रस्त्याने चाललेली असते किंवा पंक्चर होऊन कडेला उभी असते, आणि मागचा दिवा बंद. मोटारसायकलवरून येणाऱ्याला पुढे ऊस आहे हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हंगामात अशी बातमी वाचली नाही असा आपल्यापैकी कोण आहे? रिफ्लेक्टर व मागचे दिवे यांविषयी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तरतूद आहे. म्हणजे कायदा आहे. तो प्रत्यक्षात उतरविणारा कारागीर मात्र गावोगावी नाही.

आता कोणी म्हणेल, “दिवा लावायला काय विद्या लागते? दोन तारा जोडल्या की झालं!” नेमका हाच गैरसमज आहे. एक साधे उदाहरण घेऊ.

ट्रॉलीचा दिवा मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच इंडिकेटर उजळतो. दोन तारा जोडणारा माणूस बल्ब बदलतो, मग होल्डर बदलतो, मग नवी वायर ओढतो. दिवा दोन दिवस चालतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जाणकार कारागीर पहिल्यांदा अर्थिंग बघतो. गाडीत वीज बॅटरीच्या एका टोकापासून दिव्यापर्यंत तारेने जाते आणि परत येते ती लोखंडी सांगाड्यातून. पण ट्रॉलीचा सांगाडा ट्रॅक्टरला कशाने जोडलेला असतो? हुकाच्या पिनेने. त्या पिनेला ग्रीस, गंज आणि माती. विजेला परतायला नीट वाट नाही, म्हणून ती दुसऱ्याच बल्बातून वाट काढते. उपाय काय, तर अर्थिंगची वेगळी तार सॉकेटमधून थेट ट्रॉलीपर्यंत नेणे. सात पिनांच्या सॉकेटमध्ये त्यासाठी ३ नंबरची पिन राखलेली असते आणि तिची तार पांढरी असते. खर्च थोडक्यात. पण कारण माहीत असणाऱ्यालाच तो उपाय सुचतो.

दुसरे उदाहरण फ्यूजचे. मागच्या ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो. ट्रॅक्टरचे दोन, पहिल्या ट्रॉलीचे दोन, दुसऱ्या ट्रॉलीचे दोन, असे सहा बल्ब झाले. सहा गुणिले एकवीस म्हणजे १२६ वॅट. त्याला १२ व्होल्टने भागले की साडेदहा अँपिअर. मूळचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर तो उडणारच. तो आपले काम चोख करतो. पण आपल्याकडे काय होते? “सारखा फ्यूज जातोय” म्हणून तिथे तार गुंडाळतात. आता उडायला फ्यूज राहिला नाही. तापायची ती आतली वायर तापते. शेजारी डिझेलची नळी आणि सगळीकडे वाळलेले पाचट! हिशेब येणारा कारागीर ट्रॉलीच्या दिव्यांसाठी रिले बसवतो, बॅटरीपासून वेगळी जाड तार व वेगळा फ्यूज देतो, किंवा एल.ई.डी. दिवे लावून भारच कमी करतो. हे गणित सातवी-आठवीच्या पोराला जमण्यासारखे आहे. मात्र ते करायचे असते हे कोणीतरी शिकवावे लागते.

तिसरे उदाहरण सर्वांच्या खिशाचे. पहाटे ट्रॅक्टरचा सेल्फ ओढत नाही. लगेच निदान तयार: “बॅटरी गेली.” नवी बॅटरी म्हणजे काही हजारांचा फटका. विद्या असलेला माणूस आधी मीटर लावतो. गाडी थांबलेली असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या फार खाली जाऊ नये. तशी ती टिकत असेल तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. मग तो बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगतो. तिथे अर्ध्या व्होल्टऐवजी दोन व्होल्ट दिसले की दोष सापडला. अर्थिंगची पट्टी गंजली आहे. पॉलिश पेपरने घासा, नट आवळा, ग्रीस लावा. बॅटरीचे पैसे वाचले. इंजिन चालू असताना मीटर साधारण १३.८ ते १४.४ दाखवत नसेल तर दोष अल्टरनेटरकडे, रेग्युलेटरकडे किंवा पट्ट्याकडे. नवी बॅटरी घातली तरी चार दिवसांत ती उतरणारच.

या तिन्ही उदाहरणांत गोष्ट एकच आहे. या धंद्याचे खरे भांडवल हत्यारांत नाही. दोष कुठे आहे हे क्रमाने शोधून काढण्यात आहे. वीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती कुठून निघाली, कुठे अडली, कुठे गळाली हे मापून ठरवावे लागते. त्यासाठी व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांचा परस्परसंबंध पक्का हवा. वायरिंगचा नकाशा वाचता यायला हवा, आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. तारांचे रंग ओळखणारी नजर हवी. झाळकाम स्वच्छ हवे. आणि शिस्त हवी. बॅटरी काढताना निगेटिव्ह टोक आधी सोडायचे. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ विडी पेटवायची नाही, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, बोअरचे पाणी नव्हे. ट्रॉलीला वेल्डिंग करण्यापूर्वी ती ट्रॅक्टरपासून सोडायची.

हा शेवटचा नियम आता फार महत्त्वाचा झाला आहे. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ लागू झाले. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरलाही २०२३ पासून धुराचे नवे नियम आले. अशा इंजिनात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो, आणि त्याला खबर देणारे सेन्सर जागोजागी असतात. तिथे जुन्या सवयीने तार टोचून ठिणगी पाडून बघितले, तर शंभर रुपयांच्या दोषापायी हजारोंचा सुटा भाग जळायचा. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांत तर काहींना शेकडो व्होल्टची वीज असते. त्यांच्या नारिंगी रंगाच्या केबलला न शिकलेल्या माणसाने हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

मग असा कारागीर तयार का होत नाही? याचे उत्तर कटू आहे, पण आपल्याच व्यवहारात आहे. आपण पार्टचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. पट्टी घासून दहा मिनिटांत ट्रॅक्टर चालू करणाऱ्याने दोनशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, “एवढ्याशा कामाला?” आणि नवी बॅटरी गळ्यात मारणाऱ्याला मुकाट्याने हजारो मोजतो. मग शहाणा मिस्त्रीही काय शिकतो? पार्ट बदलायला! शोधकामाची मजुरी शोधकाम म्हणून द्यायला आपण शिकलो, तर प्रामाणिक कारागीर टिकेल आणि शेवटी पैसा आपलाच वाचेल.

काही जाणते सभासद म्हणतात, “पोरगं मिस्त्रीच्या हाताखाली ठेवलं की शिकतंय की!” हाताला वळण गॅरेजमध्येच लागते, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु गॅरेजमध्ये ‘कसे’ कळते, ‘का’ कळत नाही. आणि नुसत्या वर्गात ‘का’ कळते, पण नट कुठे अडकतो ते कळत नाही. दोन्ही लागते. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकल आणि इलेक्ट्रिशियन हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. वाहनांच्या वीजकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे, मात्र तो प्रत्येक ठिकाणी नाही. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते. एकर-दीड एकरावर तीन भावांचे भागणार नाही, हे घरोघर ठाऊक आहे. मग दहावी झालेल्या मुलाला, आणि मुलीलाही, या वाटेने का पाठवू नये? मीटर धरायला मनगटाचा जोर लागत नाही, डोके लागते.

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात असे आम्हांला वाटते. पहिली, तोडणी-वाहतुकीचे करार करताना ट्रॉली यार्डात उभी करून तिचे मागचे दिवे, इंडिकेटर, सॉकेट आणि रिफ्लेक्टर तपासावेत. दिवा लागल्याशिवाय करारावर सही नको. दुसरी, हंगामात वजनकाट्याजवळ रात्रपाळीला एक जाणकार इलेक्ट्रिशियन असावा, म्हणजे दिवा गेलेली गाडी रिकामी होऊन परत जाताना उजेडात जाईल. तिसरी, कारखान्याच्या वाहन विभागात दरवर्षी सभासदांच्या काही मुला-मुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे.

खर्चाचा प्रश्न निघेल. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गळितास यावा असे आपण म्हणतो. गाडी रस्त्यात रात्रभर पडली तर वजन घटते, ते सभासदाचे. साखरेचा उतारा घटतो, तो सर्वांचा. आणि विझलेल्या दिव्यामुळे एखाद्या घरचा कर्ता माणूस गेला, तर त्याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

सभासदांनी हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जरूर मांडावा. दरम्यान प्रत्येकाने आपापल्या ट्रॉलीमागे उभे राहून एकदा ब्रेक दाबायला सांगावे. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी एवढा एक दिवा पेटलेला आपल्या डोळ्यांनी बघावा, ही विनंती.