खिशातला चाकू : अवजार की शस्त्र?



आपल्या समाजातील अनेक तरुण आज वायरमन, फिटर, माळी, पॅकर, केबलवाले म्हणून कामाला जातात. त्यांच्या खिशात किंवा डब्याच्या पिशवीत घडीचा चाकू असतोच. घरातही दोरी कापायला, फळ चिरायला, गोणीची शिवण उसवायला तो लागतो. एवढी रोजची वस्तू, पण ती घेताना आपण रस्त्यावरच्या टोपलीतून चकचकीत दिसेल ती उचलतो आणि महिन्याभरात फेकून देतो. म्हणून या वेळी थोडे चाकूविषयी.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना ज्या मोजक्या वस्तू जवळ बाळगण्याची अनुज्ञा दिली, त्यांना अष्टपरिष्कार म्हणतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, कंबरपट्टा, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि वस्तरा. म्हणजे ज्याने घरदार सोडले त्याच्याजवळही एक धारेचे पाते असते. त्याच बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. धार तीच, फरक आहे तो हेतूचा. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

घेताना काय पाहावे? रोजच्या कामाला अडीच ते तीन इंचांचे पाते पुरते. चाकू उघडून पाते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. बिजागरीत डुगडुगत असेल तर घेऊ नये. बंद केल्यावर टोक मुठीच्या पूर्ण आत गेले पाहिजे, नाहीतर खिसा फाटेल आणि बोटही. उघडल्यावर पाते पक्के अडकणारा खटका असलेला चाकू चांगला, कारण जोर लावताना पाते मिटून बोटावर येत नाही. बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू मात्र घेऊ नये. कामाला त्याचा उपयोग नाही; तो केवळ दाखवण्यासाठी असतो.

पाते दोन प्रकारचे मिळते. साधे पोलाद लवकर धार घेते, पण ओले राहिले की गंजते आणि लिंबू-चिंचेने काळे पडते. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असल्यामुळे ते सहसा गंजत नाही. मात्र समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत व घामाने त्यावरही डाग पडतात. भांडी घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची आपल्याला सवय आहे. ती कसोटी चाकूला लावू नका. कडक केलेल्या स्टेनलेस पात्याला चुंबक चिकटतोच. तेवढ्यावरून माल नकली ठरत नाही.

धार कशी लावावी? बोथट चाकू सुरक्षित, असा एक गैरसमज आहे. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, तो घसरतो आणि हाताला लागतो. हार्डवेअरच्या दुकानात एक बाजू जाड व एक बाजू बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे पुरतो. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही, आणि वर पाणी शिंपडावे. पाते दगडावर उभे धरले तर काटकोन होतो. त्याच्या निम्मे करा आणि पुन्हा निम्मे करा. साधारण वीस-बावीस अंशांचा तो कोन धरून, मुळापासून टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी सारखेच हात फिरवावेत. धारेच्या पलीकडे बारीक खरखरीत कड जाणवली की बाजू बदलावी. शेवटी बारीक दगडावर हलके हात फिरवून जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने ओढावे. धार अंगठ्यावर पाहू नये, वर्तमानपत्राच्या कागदावर पाहावी. कागद न फाटता कापला गेला की झाले.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून धार लावून घेतलीत, तर त्याला मध्येमध्ये पाते पाण्यात बुडवायला सांगा. फिरत्या चाकावर पाते तापून निळे पडले की पोलादाचा कडकपणा जातो आणि धार टिकत नाही.

काम झाल्यावर पाते पुसून कोरडे करावे. बिजागरीतला कचरा काडीने काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. पाते स्क्रू-ड्रायव्हर म्हणून वापरू नये, टोक मोडते. कापताना पाते अंगापासून दूर जाईल असे धरावे आणि दुसऱ्याच्या हाती चाकू बंद करूनच द्यावा. कापलेच तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. धनुर्वात गंजामुळे होतो असे लोक समजतात. तो मातीतल्या जंतूंमुळे होतो, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पात्याची जखमही दुर्लक्षू नये.

आता दोन गोष्टी ज्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली मायमाऊल्यांसाठी. बाळंतिणीच्या उशाखाली चाकू किंवा विळा ठेवण्याची रीत आजही काही घरांत दिसते. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले तर बाळाचा ओठ फाटतो, अशी भीतीही घातली जाते. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ. त्याचा पोटातल्या बाळाशी संबंध नाही. उशाखालच्या चाकूने भूत पळत नाही, पण झोपेत बाळाला इजा होऊ शकते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांचे पालन घराच्या उशापर्यंत पोहोचले पाहिजे.

दुसरी तरुणांसाठी. वाढदिवसाला चौकात तलवारीने केक कापायचा आणि फोटो मोबाईलवर पाठवायचा, ही टूम आपल्याही वस्त्यांत शिरली आहे. अशा फोटोंवरून महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हे दाखल झाले आहेत. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे त्या कायद्याच्या नियमांतील यादीत येतात. घरकाम, शेती व उद्योगासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून लहान चाकू कोठेही न्यावा, असा अर्थ नाही. सणासुदीला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा चाकूच काय, काठीदेखील बाळगण्यास बंदी असू शकते. कामाचा चाकू कामाच्या पिशवीत, इतर अवजारांसोबत ठेवा. मोर्चात, मिरवणुकीत, जयंतीच्या गर्दीत तो नेऊ नका. भरती होताना पोलीस पडताळणी होते. आई-बापाने ओव्हरटाइम करून शिकवलेल्या मुलाची नोकरी एका फोटोपायी अडली, तर घराची वीस वर्षे मागे जातात.

संयुत्त निकायात एक सुंदर दृष्टांत आहे. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण दांडा झिजला एवढे दिसते. मनाचे विकारही रोजच्या अभ्यासाने असेच झिजतात, असे भगवंतांनी सांगितले. आपल्या मुलांच्या हातातली अवजारे अशी कामाने झिजोत.

जयभीम! नमो बुद्धाय!