परसांतील बटाटा : जात कोणती लावावी?

टोपलींत कोंब फुटलेले बटाटे फुकट जाऊं नयेत म्हणून गेल्या वर्षीं आम्हीं ते डिसेंबरअखेर पुण्यास आमच्या परसांत लावले. पाला भरघोस आला. मार्चांत उकरून पाहिलें तों सुपारीएवढे गोळे! कंद पोसण्यास थंड रात्री लागतात. रात्रीचें उष्णमान २० अंशांपलीकडे गेलें कीं पाला माजतो आणि कंद उपाशी राहतो. म्हणून जात निवडतांना चवीआधीं दिवस मोजावे.

यंदा थोरल्या वहिनींचा आग्रह १९६७ च्या तांबड्या 'कुफ्री सिंदुरी'चा. ती टिकाऊ, उन्हाळ्यांतील वाळवणांपर्यंत पुरेल, हें त्यांचें म्हणणें खरें. पण तिला तयार व्हावयास सुमारें ११० दिवस हवेत, आणि देशावरची थंडी तितकी थांबत नाहीं. १९६८ ची 'कुफ्री चंद्रमुखी' चवीस नांवाजलेली व झटपट येणारी, मात्र करप्यापुढें तिचा टिकाव लागत नाहीं. आम्हीं १९७२ ची 'कुफ्री लवकर' घेतली. ती नांवाला जागते : पाऊणशें-ऐंशी दिवसांत काढणीस येते आणि उष्माहि बराच सोसते.

वाचकभगिनींनीं बियाणें प्रमाणितच घ्यावें. बाजारांतील खाण्याच्या बटाट्यांतून विषाणुरोग घरीं येतात; पानें आक्रसतात, पीक बसतें. अंड्याएवढा बटाटा न चिरतां अख्खाच लावावा, म्हणजे कुजण्याचें भय कमी.

वहिनींकरितां एक सरी सिंदुरीची सोडली आहे. दसरा होतांच ती लावली; तिला पाणी त्या स्वतःच घालतात.